पंधरा रुपये महिना

ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहाच्या मागच्या पडवीत तुम्ही उभे आहात. समोर राखेने घासायच्या भांड्यांचा ढीग, चुलीवर चहाचं आधण, आणि सदऱ्याला कांद्याचा वास कायमचा बसलेला. साल 1912. पावसाळा नुकताच सरलाय. तुमच्या आजच्या कंपनीने दोन महिने पगार दिलेला नाही, नवी गुंतवणूक 'जवळजवळ ठरली आहे' असं दर सोमवारी सांगितलं जातं, आणि थांबावं की निघावं या विचाराने तुमची झोप उडाली आहे, हे ठाऊक असूनच मी तुम्हाला इथे आणलं आहे. तुमच्यासारख्याच पेचात पडलेली माणसं इथून थोड्या अंतरावर, दादरला कामाला लागली आहेत. त्यांच्यात काही दिवस राहून बघा.

इथला तुमचा पगार महिना दहा रुपये. दिवसाला पाच आणे चार पै. जेवण दुकानातच, निजायला दुकानातलीच बाकं. त्यातून जे उरतं त्याची गावी मनीऑर्डर जाते, आणि ती ज्या महिन्यात जात नाही त्या महिन्यात गावी वाण्याच्या वहीत एक ओळ वाढते.

तुमच्या शेजारी काम करतो तो अण्णा साळुंके. सडपातळ अंगाचा, नाजूक बोटांचा तरुण. त्याचाही पगार दहाच रुपये. एक दिवस बेचाळिशीचे एक गृहस्थ चहाला येतात आणि चहा निवेपर्यंत अण्णाकडेच बघत बसतात. नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचे, जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. फोटोग्राफी झाली, पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, छपाईचा धंदा झाला आणि भागीदारांशी पटलं नाही म्हणून तोही सुटला. आता त्यांना हलत्या चित्रांचा खेळ काढायचा आहे. हरिश्चंद्राची गोष्ट आहे आणि राणी तारामतीचं काम करायला बाईमाणूस मिळत नाही. वर्तमानपत्रात जाहिराती देऊन झाल्या. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाहीत. अण्णाची बोटं आणि बांधा त्यांच्या नजरेत भरलाय. पगार देणार पंधरा रुपये.

त्यांना नट हवेत तसे सामान हलवणारे, रंग लावणारे, पडदे धरणारे हातही हवेत. तुम्हालाही विचारलं जातं.

रात्री शेजारच्या चाळीत या गोष्टीवर खल होतो. गिरणीत काम करणारा शेजारी म्हणतो, "गिरणी बरी. पगार उशिरा का होईना, पण पडतो." त्याचं उशिरा म्हणजे महिना संपून चांगले पंधरा दिवस उलटल्यावर. बदली कामगार असाल तर रोज पहाटे फाटकाशी उभं राहायचं आणि कामावर घेणाऱ्या जॉबरची नजर तुमच्यावर पडते का ते बघायचं. दुसरा म्हणतो, "टपालात चिकटव कुणाच्या तरी ओळखीने. सरकार काही बुडत नाही." तिसरा नुसता विचारतो, "हे चित्रांचं दुकान बुडालं तर खाणावळवाला परत घेईल का रे तुला?"

या तिसऱ्या माणसाचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. चाळीत कुणी 'स्वप्न', 'ध्येय' असं काही बोलत नाही. पाच रुपये जास्त मिळतात ते कशाबद्दल, एवढंच ते विचारतात, आणि उत्तरही त्यांना माहीत आहे: ते धोक्याबद्दल मिळतात. नव्या धंद्यात जाणाऱ्या माणसाला जुन्यापेक्षा दीडपट मिळायला हवं, कारण तो धंदा उद्या असेलच असं नाही. आजच्या किती कंपन्यांत याच्या उलट चालतं! आधीच्या नोकरीपेक्षा कमी पगारावर माणसं येतात आणि उरलेलं शेअर्सच्या रूपाने पुढे कधीतरी मिळेल असा कागद हाती घेतात. चाळीतल्या त्या शेजाऱ्याला हा व्यवहार समजावून सांगायला तुम्हाला जड जाईल.

तुम्ही हो म्हणता. अण्णाही हो म्हणतो.

दादर अजून शहराच्या काठावर आहे. गाडी वाफेची. विजेवरची लोकल धावायला तेरा वर्षं आहेत. दादर मेन रोडवरच्या मथुरा भवन या बंगल्यात तुम्ही पोचता तेव्हा आवारात नाटकासारखे रंगवलेले पडदे उभे करायचं काम चाललेलं असतं. राजवाडा, अरण्य, स्मशान. सगळं उघड्यावर, कारण चित्र घ्यायला सूर्याखेरीज दुसरा दिवा नाही. ढग आला की काम थांबतं आणि सगळे वर बघत बसतात. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आहेत. राजपुत्र रोहिदासाच्या कामाला फाळक्यांचाच मुलगा आहे, भालचंद्र. कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला त्र्यंबक तेलंग. दांडा एकाच गतीने फिरायला हवा, हात अडखळला की पडद्यावरची माणसं पळायला लागतील.

पहिल्याच दिवशी तुम्हाला बजावलं जातं की बाहेर कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे म्हणून सांगायचं. नाटक-सिनेमात काम करतो म्हटलं तर लग्नं मोडतात, घरमालक खोली देत नाही. तुमच्या आईला तुम्ही पत्रात तेच लिहिता. कारखाना म्हटल्यावर तिला बरं वाटतं.

दुपारी पंगत बसते. वाढायला सरस्वतीबाई आहेत, फाळक्यांच्या पत्नी. इथे कामाला असलेल्या सगळ्यांचा स्वयंपाक त्या करतात. पगार पुढे-मागे झाला तरी ताट चुकत नाही, हे काही दिवसांतच तुमच्या लक्षात येतं, आणि आज तुम्हाला ही गोष्ट लहान वाटली तरी 1912 मध्ये ती मोठी आहे. मुंबईत एकट्या राहणाऱ्या माणसाचा खाणावळीचा खर्च पगाराचा मोठा घास घेतो. तो सुटला की हातातले पैसे गावाला पाठवता येतात आणि मालकाला महिनाभराची मुदत देता येते. अनिश्चित उत्पन्नात टिकून राहायचं तर आधी ठरलेला खर्च उतरवावा लागतो, हे त्या घरात कुणी शिकवत नाही, ते तसं घडतच असतं.

दुपारी याच सरस्वतीबाई उन्हात पांढरी चादर धरून उभ्या असतात. नटांच्या तोंडावर सावली पडू नये म्हणून ऊन चादरीवरून परतवायचं. हात भरून येतात, पण दृश्य संपेपर्यंत चादर हलवायची नाही. रात्री जेवणं उरकली की स्वयंपाकघराची काळोखी खोली होते. एकदा तुम्हालाही आत मदतीला बोलावलं जातं.

आत काय चालतं ते नीट बघा. परदेशातून येणारी कोरी फिल्म सलग असते, तिच्या कडांना छिद्रं नसतात. छिद्रं नसली तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पकडणार कशी? म्हणून लंडनहून आणलेल्या एका लहानशा हातयंत्रात ती फीत घालून, दांडा फिरवत, अंधारात छिद्रं पाडायची. एका फुटात सोळा चित्रं. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. म्हणजे एका फुटाला एका कडेची चौसष्ट. तयार होणारं चित्र 3700 फुटांचं आहे. एक छिद्र जरी चुकलं तरी फीत कॅमेऱ्यात अडकते, दाते तिला फाडतात आणि दिवसभराचं ऊन, नटांचे कपडे, रंग, ताटं, सगळं वाया जातं. सरस्वतीबाईंची बोटं फितीची कड चाचपत पुढे सरकतात. त्या बोलत नाहीत. यंत्राचा कट्कट् आवाज तेवढा चालू असतो. दिवसभराचा स्वयंपाक, उन्हातली चादर, आणि आता हे. झोपायला किती वाजतात ते तुम्ही बघितलंय.

या बाईंना पगार नाही.

पैसा कुठून आलाय ते या घरात लपून राहिलेलं नाही. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले. त्यात 1912 च्या फेब्रुवारीत लंडनची वारी केली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं, 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्र कसं घेतात ते पाहिलं आणि एप्रिलमध्ये परत आले. त्याआधी एकामागून एक चित्रपट बघून डोळ्यांवर इतका ताण आला होता की काही काळ दिसेनासं झालं होतं. परतल्यावर धनको मिळेनात. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची रोजची वाढ कॅमेऱ्यात टिपत गेले. महिन्याची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. 'अंकुराची वाढ' हे ते चित्र. ते बघून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले, पण तारण मागितलं. तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

इथे मला माझं मत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची गोष्ट आपल्याकडे फार कौतुकाने सांगितली जाते, आणि त्या कौतुकात एक गोष्ट सोयीने विसरली जाते. त्या काळात बाईच्या अंगावरचं सोनं हीच तिची शिल्लक होती. नवरा गेला, आजारी पडला, धंदा बसला तर मुलाबाळांना तगवणारं तेवढंच. ते तिने धंद्यात घातलं तेव्हा ती नुसती त्यागमूर्ती झाली नाही, ती कंपनीची सगळ्यात मोठी जोखीम घेणारी गुंतवणूकदार झाली. हिस्सा मात्र तिच्या नावावर कुठेच नव्हता. आजही नव्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाचा पगार थांबला की हप्ता कुणाच्या पगारातून जातो, सोनेतारण कर्जाच्या रांगेत कोण उभं असतं, मुलांच्या क्लासची फी भरायला कुणाच्या आईची मुदत ठेव मोडली जाते, याचा हिशेब कंपनीच्या कुठल्याही कागदावर नसतो. तो असायला हवा, निदान घरात तरी.

पण दुसरी बाजूही बघा. मथुरा भवनात तुम्ही जेवता, झोपता, रात्री मदत करता, म्हणून मालकाने आधी स्वतःचं काय काय लावलंय ते तुम्हाला दिसतं. विमा गेला, दागिने गेले, पोटचा पोर कामाला लागला. पगार एक आठवडा लांबला तर का लांबला हे विचारावं लागत नाही, आणि त्यामुळेच तुम्ही तो आठवडा काढता. तुमच्या आजच्या कंपनीत ही एक गोष्ट तपासून बघण्यासारखी आहे: संस्थापकाचा पगार कधी थांबला? तुमच्या आधी, तुमच्याबरोबर, की अजून थांबलेलाच नाही?

अण्णाला मिशी नाही, पण इतर जण बायकांची कामं करायला उभे राहतात तेव्हा अडचण येते. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची म्हणजे अशुभ. त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला असं सांगतात. माणूस पगारासाठी काय काय उतरवून ठेवायला तयार होतो, याची यादी त्या काळीही लांबच होती.

बाहेरच्या दृश्यांसाठी सगळा जथा वांगणीला जातो. तलवारी, भाले, मुकुट घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटतं दरोडेखोर आले, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. फाळक्यांना कॅमेरा उघडून दाखवावा लागतो तेव्हा सुटका होते. तिथेच भालचंद्र दगडावर आपटून बेशुद्ध पडतो. एवढं सांगून मी वांगणी सोडतो, कारण त्या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या आहेत आणि मला तुम्हाला पैशांकडे न्यायचं आहे.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चित्र पुरं होतं. 21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवलं जातं आणि 3 मे 1913 ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी खुलं होतं. गर्दी होते. ठरलेला मुक्काम वाढतो. मथुरा भवनात त्या रात्री कुणी लवकर झोपत नाही, आणि 'आता दिवस पालटले' असं तुम्हीही मनात म्हणता.

थोडं थांबा. चित्र सुरतेला जातं आणि पहिल्या दिवसाची मिळकत होते तीन रुपये.

तीन रुपये म्हणजे अठ्ठेचाळीस आणे. तीन आण्यांचं तिकीट धरलं तर सोळा माणसं. तुमच्या सहा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम, आणि तीही थिएटरवाल्याचा वाटा जायच्या आधीची. मुंबईत रांगा लावणारा खेळ सुरतेत रिकाम्या बाकांपुढे होतो. थिएटरवाला म्हणतो, लोकांना याहून कमी पैशात रात्रभर चालणारं नाटक बघायची सवय आहे, तुमचा खेळ तासा-दीड तासात संपतो, लांबवा तो. फाळके खेळ लांबवत नाहीत, जाहिरात बदलतात: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. 3700 फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही, तेव्हा ते दोन मैल ताणलेलेच आहेत. मला ते खटकतं. पण लोक येऊ लागतात.

ही सुरतेची रात्र मी तुम्हाला मुद्दाम दाखवतोय. नव्या धंद्यात पहिलं यश आणि पगाराची खात्री या दोन गोष्टींत फार अंतर असतं. पहिला मोठा ग्राहक मिळाला, वर्तमानपत्रात बातमी आली, केक कापला, म्हणून घराचा हप्ता वाढवू नका. कॉरोनेशनच्या गर्दीवर ज्याने लग्न ठरवलं असेल त्याला सुरतेचे तीन रुपये कळल्यावर काय वाटलं असेल, याचा विचार करा.

1913 च्या ऑक्टोबरात बिऱ्हाड नाशिकला हलतं. तुम्हीही जाता. 'मोहिनी भस्मासुर' होतं, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई काम करतात, म्हणजे पडद्यावर बायका येतात. अण्णाचं राणीपण गेलं का, असं तुम्हाला वाटतं, पण गेलेलं नाही. 'सत्यवान सावित्री' होतं. तीन चित्रं घेऊन फाळके 1914 मध्ये पुन्हा लंडनला जातात. पैसे येतात, पुढच्या चित्रात जातात. आणि मग युरोपात महायुद्ध पेटतं.

नाशिकच्या त्या आवारात युद्ध कसं पोचतं ते पहा. तोफा नाहीत, माणसं मेली नाहीत. फक्त कोरी फिल्म येईनाशी होते. ती विलायतेहून येते, आणि जहाजं आता दुसऱ्या कामाला लागली आहेत. फिल्म नाही म्हणून चित्र नाही, चित्र नाही म्हणून तिकिटं नाहीत. मुंबईचे पैसेवाले हात आखडतात. तुमचं काम वाईट नव्हतं, मालकाने पैसे उडवले नव्हते, लोकांनी चित्रं नाकारली नव्हती. तरी तुमचा पगार थांबतो, कारण हजारो मैलांवरच्या कुणीतरी काहीतरी ठरवलं. 2022 पासून अमेरिकेतले व्याजदर चढले आणि बंगळुरू-पुण्यातल्या कंपन्यांतला पैसा आटला तेव्हा ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांना हे नाशिक ओळखीचं वाटेल. नोकरी गेल्यावर माणूस आपल्यातलं काय कमी पडलं ते शोधत बसतो. पुष्कळदा फिल्मच आलेली नसते.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मिळेल तेवढ्यावर इथे राहायचं, किंवा निघायचं. मी तुम्हाला त्या आवारात संध्याकाळी बसवतो. कडेला पडदे गुंडाळून ठेवलेत, राजवाड्याचा रंग पोपडे धरतोय. एक रंगारी उद्यापासून देवळाच्या कामाला जाणार आहे. तो उघड सांगतो, "चार महिने तिकडे रोजी आहे. इकडे काम सुरू झालं की निरोप धाडा, येतो." कुणी त्याला दगाबाज म्हणत नाही. एक जण शेतीच्या हंगामाला गावी निघालाय. एकाच्या घरी बाळंतपण आहे, त्याने मुकाट मुंबईची गाडी पकडली आहे. जो राहतो त्याला दोन वेळचं जेवण आहे आणि कॅमेरा उघडून साफ करायला शिकायची मुभा आहे.

राहावं की जावं हे मी ठरवून देणार नाही, पण या संध्याकाळी जी तीन माणसं गेली ती बरोबर वागली असं माझं ठाम मत आहे. त्यांनी आपलं घर आधी पाहिलं. आणि जो राहिला त्याचंही बरोबर, जर त्याच्यावर कुणी अवलंबून नसेल आणि इथे शिकलेलं दुसरीकडे विकलं जाणार असेल. चूक होते ती तिसऱ्या तऱ्हेने: पगार नाही, नवीन काही शिकायला नाही, घरी उधारी वाढतेय आणि तरी माणूस थांबतो, कारण आता गेलो तर आधीचे महिने वाया गेले असं त्याला वाटतं. ते महिने गेलेलेच असतात. पुढचे तरी वाचवायला हवेत.

आणखी एक. यातल्या कुणीही घरी 'सगळं ठीक आहे' असं पत्र पाठवलेलं नाही. गावी कळलेलं आहे, म्हणून गावी वाण्याला आधीच सांगून ठेवलंय, म्हणून व्याजाने काढायची पाळी आलेली नाही. मुंबईत गिरणगावात दांडके घेऊन वसुलीला उभे राहणारे सावकार आहेत, आणि त्यांच्या तावडीत जे सापडतात ते बहुतेक घरी न सांगणारेच असतात. तुमच्या फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत. तुम्ही घरी सांगितलंय का?

फाळके यातून कसे निघतात? ते वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन करतात, संस्थानिकांकडे जातात, टिळकांसारखी मंडळी भांडवल उभं करायच्या खटपटीला लागतात. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके रामही होतो आणि सीताही. मुंबईत चित्र तुफान चालतं. मद्रासला तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीत घालून न्याव्या लागल्या असं सांगतात. त्यानंतर भागीदार मिळतात आणि 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहते. आता तरी स्थिरस्थावर? भागीदारांशी खटके उडतात, फाळके बाजूला होतात आणि काशीला निघून जातात, पुढे परत येतात. ज्याने धंदा सुरू केला त्याचं नशीब त्या धंद्याला बांधलेलं राहतं. 1944 मध्ये नाशिकला ते गेले तेव्हा त्यांच्या हाती फारसं काही नव्हतं. अण्णा साळुंकेचं तसं झालं नाही. पाच रुपये जास्त मिळतात म्हणून आलेल्या त्या स्वयंपाक्याने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि तो छायालेखक झाला. राणीचं काम संपलं तेव्हा त्याच्याजवळ दुसरं काम होतं.

परत निघू. वाटेत 1936 मध्ये जरा थांबा, कारण मथुरा भवनात तुमच्याजवळ जे नव्हतं ते इथे पहिल्यांदा मिळतं: पगार वेळेवर देण्याचा कायदा. एक हजाराहून कमी माणसं असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार. 1952 मध्ये भविष्यनिर्वाह निधी. 2016 ची दिवाळखोरी संहिता: कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने, इतर कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची त्याच्या पाठोपाठ, आणि भागधारक सगळ्यात शेवटी. म्हणजे शेअर्सचा तुमचा कागद रांगेच्या टोकाला उभा आहे आणि थकलेला पगार त्याच्या कितीतरी पुढे. 1936 चा कायदा ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारालाच लागू होता. 2019 च्या वेतन संहितेने ती मर्यादा काढली, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ही संहिता अमलात आहे. पगार कितीही असो, सात तारीख तुमचीही आहे. राजीनामा दिलात किंवा काढलं गेलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा आहे.

हे कायदे आपोआप चालत नाहीत. थकलेल्या पगाराची मागणी आज लेखी करा, रागावून नव्हे, तारीख आणि रक्कम घालून. भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक उघडून बघा; तुमच्या पगारातून कापलेले पैसे दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तिथे जमा व्हायला हवेत, आणि ते नसतील तर कंपनीची अवस्था सोमवारच्या बैठकीत सांगतात त्याहून वाईट आहे. कंपनीच्या खात्यात किती महिन्यांचे पैसे आहेत ते विचारा. मिळालेलं उत्तर घरी जाऊन जसंच्या तसं सांगा. आणि घरातलं कुणी आपली ठेव मोडायला किंवा बांगड्या काढून द्यायला निघालं असेल, तर त्यांना आधी हा हिशेब दाखवा आणि मगच ठरवू द्या.